मे महिन्याच्या तेहतीस ओळी

मे महिन्याचे आकडे माझ्या हातून नेमके कोणत्या दिवशी गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. जानेवारीतली कुठलीतरी दुपार असावी. बाबा पडवीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले असतील, मी त्यांच्यापासून चार हातांवर टेबलाशी बसले असेन. एस्केप दाबून मी डी हे अक्षर दोनदा दाबलं असणार. तेवढ्याने माझ्या एडिटरमध्ये प्रोग्रॅमची एक चौकट पुसली जाते. हा प्रकार दिवसाला वीसपंचवीस वेळा होतो. कुणी लक्षात ठेवत नाही.

मी पुण्यात एका कंपनीत आठ वर्षं काम केलं. कुठल्या दुकानात कुठला माल किती खपेल याचे अंदाज बांधायचे, असं ते काम. बाबांची डावी बाजू लुळी पडली तेव्हा मी गावी आले. आमचं गाव वेंगुर्ल्यापासून स्कूटीने अर्ध्या तासावर, खाडीच्या काठाला. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली. पूर्वी मी सगळं ब्राउझरमध्ये, कंपनीच्या सर्व्हरवर करायचे. इथे नेटचा भरवसा नाही, म्हणून माझ्या रोजच्या टेक्स्ट एडिटरमध्येच नोटबुक उघडून काम करायला लागले.

हे नोटबुक म्हणजे वही नव्हे. प्रोग्रॅम लिहायची ती एक पद्धत आहे. सगळा प्रोग्रॅम एकसलग न लिहिता चौकटीचौकटींत लिहायचा. एका चौकटीत चार ओळी लिहायच्या, ती चौकट चालवायची, उत्तर तिच्याच खाली उमटतं. ते बघून पुढची चौकट. चौकटीच्या डावीकडे कंसात एक आकडा येतो, ती कितव्या क्रमाने चालवली ते सांगणारा. या सगळ्यामागे न दिसणारा एक गडी राबत असतो, त्याला कर्नल म्हणतात. चौकटीत लिहिलेलं तो करतो, आणि केलेलं लक्षात ठेवतो. तुम्ही चौकट पुसून टाकलीत तरी त्याने केलेलं पुसलं जात नाही. ते बसतं त्याच्या डोक्यात, तो मरेपर्यंत किंवा तुम्ही त्याला नव्याने सुरू करेपर्यंत. या कामातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट शिकवतात. मलाही शिकवली होती. नव्या मुलांना मी स्वतः शिकवली होती.

बाबांना मात्र कर्नलचं कोडं उलगडायचं नाही. एकदा मी फोनवर पुण्याच्या सहकाऱ्याला म्हटलं, "कर्नल मेला परत. सकाळपासून तिसऱ्यांदा." बाबा खुर्चीत दचकून सरळ झाले.

"खंयचो कर्नल मेलो गो? पलीकडच्या गावातलो?"

पलीकडच्या गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक कर्नल खरंच राहतात. मी हसत बाबांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेलेल्याक उठवतास तरी. बरा आसा." ते जन्मभर बोटीवर, इंजिनखोलीत होते. यंत्र बंद पडलं म्हणून त्यांना हसू येत नसे.

त्याच जानेवारीत मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पेनासारखं एक छोटं यंत्र घेऊन त्या गावातल्या विहिरींचं पाणी मोजत. पाण्यात क्षार किती ते यंत्र सांगतं, आणि बाई ते वहीत लिहीत. अकरा वर्षं झाली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आता ग्रामपंचायतीला नळपाणी योजनेसाठी एक विहीर निवडायची होती, तेव्हा सगळ्यांना बाईंची वही आठवली.

तीन सार्वजनिक विहिरी होत्या. खाडीकडची, तिला पाणी मुबलक आणि रस्ता दारात. देवळाजवळची, तिला पाणी बेताचं. आणि सड्याखालची, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या पायथ्याशी, लांब, जिच्या पाइपाला दोन-तीन जणांच्या कलमांच्या बागांतून वाट मागावी लागणार होती.

"माझे डोळे आता आलेख काढायला पुरत नाहीत," बाई म्हणाल्या. "तू काढ. बारा महिने गोडं पाणी कुठल्या विहिरीचं राहतं, एवढंच मला सांग."

मला फार बरं वाटलं. दुकानांतल्या मालाचे अंदाज बांधून मला कंटाळा आला होता, आणि गावासाठी काही करायची ही पहिलीच वेळ. वहीतले आकडे मी दोन शनिवार-रविवार बसून लॅपटॉपवर भरले. तीन विहिरी, अकरा वर्षं, वर्षाचे बारा महिने. तीनशे शहाण्णव ओळी. मग चौकटी मांडल्या.

आलेख काढायच्या आधी आकड्यांवरून नजर फिरवताना दोन वर्षांचे मे महिन्याचे आकडे मला खटकले. खाडीकडच्या विहिरीचे ते दोन आकडे फार वर गेलेले. बाईंना विचारलं, तेव्हा कळलं की त्या दोन्ही मेमध्ये त्या लेकीच्या बाळंतपणाला बदलापूरला होत्या आणि मोजमाप शेजाऱ्यांनी केलं होतं. शेजाऱ्यांनी नीट मोजलं असेल का, अशी शंका आली. म्हणून मी एक चौकट लिहिली. मे महिना अजिबात धरलाच नाही तर चित्र कसं दिसतं ते बघू, एवढ्यापुरती. बघितलं. मग ती चौकट पुसली, कारण ती ठेवायची नव्हतीच.

असं झालं असणार. हे मी नंतर जुळवलं.

अहवाल चार पानांचा झाला. खाडीकडची विहीर वर्षभर पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांच्या मर्यादेच्या आत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी चष्मा लावून तो वाचला.

"मला वाटत होतं, खाडीकडच्या विहिरीचे क्षार उन्हाळ्यात चढतात," त्या म्हणाल्या.

"सरासरीत तसं दिसत नाही बाई," मी म्हटलं. मोठा आवाज नव्हता माझा. पण खात्री होती. बाईंनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर मुलांना आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. त्यांनी माझ्या आकड्यांवर ठेवला.

फेब्रुवारीत ग्रामसभा झाली, शाळेच्या मोठ्या वर्गात. मी लॅपटॉप घेऊन पुढच्या बाकावर बसले होते. सरपंचांनी अहवाल वाचून दाखवला. तालुक्याचे इंजिनीअर आले होते, त्यांनाही खाडीकडची विहीर सोयीची होती. सगळं उरकत आलं, एवढ्यात मागून एक म्हातारी उठली. खाडीकडच्या वाडीतली, त्या विहिरीला लागूनच तिचं घर.

"त्या पाण्यान वैशाखात डाळ शिजणा नाय," ती म्हणाली. "च्यायचा दूध फाटता. मी चाळीस वर्सां भरतंय ता पाणी. माका ठावक नाय?"

वर्गात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, तुझा दूधच नासका आसतला." सरपंचांनी माझ्याकडे बघितलं.

मी उठले. मला आठवतं, उठताना मी ओढणी सारखी केली. आणि प्रमाण मराठीत बोलले, जसं ऑफिसात बोलतात. "काकी, एखाद्या वर्षी तसं झालंही असेल. पण आपल्याकडे अकरा वर्षांची मोजमापं आहेत. त्यात खाडीकडच्या विहिरीचं पाणी मर्यादेत आहे."

घरात, वाडीत मी मालवणीच बोलते. त्या दिवशी का नाही बोलले, याचं कारण मला ठाऊक आहे आणि ते सांगायला बरं वाटत नाही.

म्हातारी म्हणाली, "तुमी शिकलेली माणसा. तुमका कळतला." आणि बसली. ठराव झाला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, शिमग्याच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तो पाच मिनिटांत बंद पडला. वीज आल्यावर मी कंपनीचं काम उघडणार होते. पण बाईंना अहवालातला एक आलेख मोठा करून हवा होता, तो आधी देऊन टाकू म्हटलं. नोटबुक उघडलं. कर्नल नवा कोरा सुरू झाला. 'सगळ्या चौकटी चालवा' हे बटण दाबलं आणि उठून बाबांना दहाचा चहा दिला.

परत येऊन बसले, तर आलेख वेगळा होता.

खाडीकडच्या विहिरीची निळी रेघ दरवर्षी एकदा सुळकन वर जात होती. दोन वर्षी नव्हे, दरवर्षी. मर्यादेच्या लाल रेघेला ओलांडून, आणि परत खाली. अकरा वर्षांत अकरा सुळके. सड्याखालच्या विहिरीची रेघ खाली सपाट होती.

पहिल्यांदा वाटलं, नवा आलेखच चुकलाय. कर्नल पुन्हा सुरू केला, पुन्हा चालवलं. तेच. तिसऱ्यांदा. तेच. मी बाईंच्या वहीशी एकेक आकडा ताडून बघायला बसले, मनातल्या मनात प्रार्थना करत की कुठेतरी शून्य जास्त पडलेलं सापडू दे. सापडलं नाही. मग अहवालाबरोबर जपून ठेवलेली नोटबुकची जुनी प्रत उघडली. तिच्यात चौकटींचे कंसातले आकडे तसेच होते. पंधरा, सोळा, सतरा. त्यापुढे एकदम एकोणीस. अठरा कुठेच नव्हता. ती मी पुसलेली चौकट; तिने वगळलेला मे कर्नलच्या डोक्यात वगळलेलाच राहिला होता.

आणि तिथेच, एका चौकटीखाली, ओळींची संख्या छापलेली होती. तीनशे त्रेसष्ट. तीनशे शहाण्णवातून तेहतीस कमी. तीन विहिरी, अकरा मे महिने. ती संख्या दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर होती. अहवाल लिहिताना तिच्यावरून माझी नजर किती वेळा गेली असेल, देव जाणे.

"काय गो, चेहरो कित्याक पडलो?" बाबांनी विचारलं.

"काय नाय."

"कर्नल मेलो?"

"नाय बाबा. जितो आसा."

मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारीही नाही. हे तीन दिवस मला आयुष्यातून खोडता आले तर मी खोडीन. कंपनीच्या बैठकीत मी बसायचे, माझी पाळी आली की बोलायचे, आणि बोलताना मनात हिशेब चालायचा की विहिरीचा गाळ काढायला माणसं कधी येणार. सोमवारी येणार होती. म्हणजे अजून दोन दिवस आहेत. म्हणजे अजून सांगता येईल. म्हणजे आज नाही सांगितलं तरी चालेल. बाबांची गोळी दोनदा द्यायला निघाले, त्यांनीच हात धरून थांबवलं.

सगळ्यात वाईट विचार असा आला की कुणालाच कळणार नाही. खरंच कळणार नव्हतं. नोटबुक माझ्या लॅपटॉपवर, वही माझ्या टेबलावर. नळाला खारं पाणी आलं असतं तर लोकांनी खाडीला शिव्या दिल्या असत्या, पावसाला दिल्या असत्या, इंजिनीअरला तर दिल्याच असत्या. मला कुणी नसत्या दिल्या. हे मनात आलं आणि माझी मलाच भीती वाटली.

रविवारी सकाळी वही पिशवीत घातली आणि स्कूटी काढली. बाईंचं घर दोन वळणांवर आहे, पण मी वाटेत दोनदा थांबले.

बाई तुळशीला पाणी घालत होत्या. मी पायरीवर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. चौकट कशी लिहिली, का लिहिली, कशी पुसली. बाईंना कर्नल वगैरे काही कळलं नसावं. त्यांनी फक्त शेवटचं धरलं.

"म्हणजे मे महिना नव्हताच त्यात?"

"नव्हता."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "मी वही दिली ती मेसकट दिली होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. शाळेतही कधी चढत नसे. "माझ्या गुडघ्यांनी उन्हात त्या विहिरीचा उतार उतरणं म्हणजे काय असतं, तुला माहीत आहे? मे महिना तर मी मुद्दाम कधी चुकवत नव्हते. दोनदा गेले बदलापूरला, तर शेजाऱ्यांना यंत्र शिकवून गेले."

मी रडायला लागले. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मला शंका आली होती, मी बोलले आणि सोडून दिलं. चल, आत्ता जाऊ सरपंचांकडे. उद्या माणसं येतील कामाला."

सरपंचांच्या अंगणात रोंबाटाची, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीची तयारी चालली होती, ढोल टांगलेले. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. माझं अर्धं बोलणं होईपर्यंतच त्यांचं तोंड आवळलं.

"ठराव झालो. फाईल तालुक्याक गेली. आता सांगतंस?"

"सरपंचानू, आज सांगतंय म्हणान उद्याचा काम थांबात," मी म्हटलं. "एक महिन्यान सांगलंय आसतंय तर मोटार बसली आसती."

"आणि लोकांका काय सांगू मी? संगणकाक ताप इलो?"

"माझी चुकी म्हणान सांगा. मी सांगतंय सगळ्यांच्या समोर."

सरपंच खिशातून फोन काढून गाळ काढणाऱ्याला म्हणाले, "उद्या येव नको. शिमगो होव दे." आणि माझ्याकडे न बघता ढोलवाल्यांकडे गेले.

बाईंना घरी सोडलं आणि मी एकटी खाडीकडच्या वाडीत गेले. म्हातारी मागीलदारी बसून बोंडांच्या बिया पिळून काढत होती. काजूचा हंगाम होता, सगळीकडे बोंडांचा आंबूस वास. तिने मला ओळखलं. बस म्हणाली नाही.

"काकी, तुमी सांगलात ताच खरा होता," मी म्हटलं. "वैशाखात पाणी खारट होता. माझ्या हिशेबात वैशाखच नव्हतो. माझी चुकी झाली."

तिचे हात थांबले नाहीत. "लोक माका हसले. ता तुका दिसला मां?"

"दिसला."

"तू हसलंस नाय. पण तू बोललंस ता हसण्यापरास वायट."

मी उभीच होते. तिने आणखी तीन-चार बिया पिळल्या, डब्यात टाकल्या.

"मी ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगतंय काकी."

"सांग. पण माझा नाव घेव नको. माका परत लोकांनी बघूक नको." मग तिने पहिल्यांदा मान वर केली. "आणि माका एक सांग. आता विहीर सड्याखालची घेतली, तर आमच्या वाडीक नळ कधी येतलो?"

हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. सड्याखालून पाइप आला तर खाडीकडची वाडी सगळ्यात शेवटी. खाडीकडची विहीर ठरली असती तर पहिला नळ तिच्या दारात होता. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी ती उठून बोलली होती.

"माका ठावक नाय," मी म्हटलं.

"मगे इचार," ती म्हणाली, आणि पुढचं बोंड उचललं.

दुसरी ग्रामसभा शिमगा आटोपल्यावर झाली. आदल्या दिवशी मी बाईंकडे नवे आलेख घेऊन गेले. त्यांनी ते बघितलेच नाहीत. "तुझा आलेख नको आता. नुसते आकडे लावायचे, मोठ्या कागदावर, माझ्या हाताने. मे महिन्याचे तेहतीसच्या तेहतीस. लोक आपले वाचतील." त्या वहीतून वाचत गेल्या आणि स्केचपेनने लिहीत गेल्या. मी प्रत्येक आकडा वहीशी पडताळून बघत होते. एकदा झाल्यावर परत एकदा बघितला. तिसऱ्यांदा बघायला लागले तेव्हा बाईंनी वही मिटली.

सभेत मी मालवणीतच बोलले. चार वाक्यं होती, घरून पाठ करून गेले होते. मग एक तरुण उठला, देवळाजवळच्या वाडीतला.

"मागच्या टायमाक तू म्हटलंस खाडीकडची बरी. आज म्हणतंस सड्याखालची. आता ह्याच्यार तरी इश्वास कसो ठेवचो?"

मी फळ्यावर लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "माझ्यार नको ठेवू. ते बाईंचे आकडे आसत. वाचून बघ."

तो उठून फळ्याशी गेला. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. कुणी बोट ठेवून मोठ्याने वाचत होतं, कुणी आपापसांत बोलत होतं की अमुक वर्षी खरंच पाणी मचूळ होतं, त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. म्हातारी शेवटच्या बाकावर होती. फळ्याजवळ आली नाही.

ठराव बदलला. पण सोपं काही झालं नाही. तालुक्याचे इंजिनीअर म्हणाले, अंदाजपत्रक नव्याने करावं लागेल. सरपंचांना तालुक्याला किती खेपा पडल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण नंतर त्यांनी मला कशालाही बोलावलंही नाही. बागायतदारांपैकी एकाने पाइपाला वाट द्यायला नकार दिला, तो पावसाळाभर अडून बसला. त्या मेमध्ये मी बाईंबरोबर मोजायला गेले. खाडीकडच्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या किती वर होता तो मी इथे लिहीत नाही. तो बघून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. यंत्र बाईंच्या हातात होतं, तरी मी त्यांना परत मोजायला लावलं.

त्याच महिन्यात मी कंपनीतली माझी जुनी नोटबुकं एकेक करून उघडली. साठाच्या वर होती. प्रत्येकाचा कर्नल नव्याने सुरू करायचा, वरपासून खालपर्यंत चालवायचं, आणि आलेली उत्तरं जुन्या उत्तरांशी ताडायची. दोन महिने गेले. एकात चूक सापडली, दोन वर्षांपूर्वीची, एका दुकानाच्या आकड्यात. मी वरिष्ठांना लांबलचक पत्र लिहिलं, कबुलीजबाबच म्हणा. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की ते दुकान मागेच बंद झालंय, कळवल्याबद्दल आभार. मी ते उत्तर बराच वेळ बघत बसले.

आता मी नोटबुकं साध्या मजकुराच्या फाइलीसारखी ठेवते, म्हणजे कुठली ओळ गेली, कधी गेली, ते नंतर सापडतं. मूळच्या आकड्यांना हात लावत नाही, त्यांची प्रत काढून तिच्यावर काम करते. काहीही पाठवायच्या आधी कर्नल नव्याने सुरू करते. आणि तरीही पाठवायचं बटण दाबायच्या आधी सगळं पुन्हा एकदा वरून खाली वाचते. पूर्वी असं करत नसे. सहकारी म्हणतात, तू फार हळू झालीस. असेन.

सड्याखालचं पाणी गेल्या कार्तिकात देवळापर्यंत आलं. आमच्या घरी नळ आला. खाडीकडच्या वाडीसाठीचे निळे पाइप रस्त्याच्या कडेला येऊन पडलेत, त्यांच्यावर तांबडी धूळ साचलीये. मी तिथून जाताना वेग थोडा वाढवते.

परवा बाजाराला निघाले होते, तर म्हातारी वळणावर उभी. तिने हात केला. थांबावंच लागलं.

"खंय चललंस?"

"वेंगुर्ल्याक."

"माका गाडयेर घे." ती पिशवी सांभाळत मागे बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता, पण मी ताठ झाले. आता विचारणार. पाइपांच्या ढिगाजवळून गेलो, तेव्हा तिने विचारलंच, "कधी येतला गो पाणी?"

"बागेची वाट सुटली म्हणतत. पण कधी येतला ता माका ठावक नाय, काकी."

"हं," ती म्हणाली.

मग तिने तिच्या सुनेच्या दुखऱ्या दाढेबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठला दाताचा डॉक्टर बरा, कुठला नुसताच उपटतो, मागच्या खेपेला किती वेळ बसवून ठेवलं. बंदरावरची माशांची दुकानं येईपर्यंत ती बोलत होती. मी गाडी हळू चालवत होते आणि मधूनमधून हूं म्हणत होते.